तीनच्या पाळीचा वारा

दुपारी सव्वादोनला उमरोळीहून बोईसरकडे सायकल काढली की वारा समोरूनच येतो. दिवाळी ते होळी या दिवसांत तर हमखास. समुद्र पश्चिमेला पाच-सात किलोमीटरवर, दुपारी जमीन तापते, आणि खारा वारा पश्चिम-वायव्येकडून आत सरकू लागतो. कंपन्यांची दुसरी पाळी तीनला सुरू होते. म्हणजे पाळीला निघालेला माणूस आणि खारा वारा एकाच वेळी घराबाहेर पडतात, फक्त दोघांच्या दिशा उलट्या. वारा नुसता आला असता तरी चाललं असतं. तो वाटेत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीवरून येतो.

बाहेरच्या वाचकासाठी आधी एक घोळ निस्तरायला हवा. तारापूर एमआयडीसी तारापुरात नाही. मूळ तारापूर गाव उत्तरेला, चिंचणीच्या खाडीकाठी. 1969 सालापासून वीज देणारं तारापूरचं अणुऊर्जा केंद्रही त्या गावात नाही, ते समुद्रकाठी अलीकडे आहे. आणि एमआयडीसी आहे ती बोईसरला; सालवड, कुंभवली, कोलवडे, पाम, सरावली अशा गावांच्या अंगणात. नाव तारापूरचं, धूर बोईसरचा. उमरोळीला या दोन्हींतलं काहीच मिळालं नाही. पालघर आणि बोईसर यांच्या मधलं हे छोटं स्टेशन, फास्ट गाड्या इथून शिट्टी मारून निघून जातात. 2013 च्या एप्रिलमध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा उमरोळी मुंबईच्या लोकल नकाशावर चढली, एवढीच आमची बढती. पण नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर वसाहत उमरोळीच्या थेट वायव्येला येते. दुपारचा खारा वारा तिकडूनच येतो.

सायकलवर कोण असतं? रविवारी पहाटे हेल्मेट आणि घट्ट कपडे घालून केळव्या-माहीमकडे निघालेली मंडळी दिसतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण या रस्त्यावरचा खरा सायकलस्वार वेगळा. काळी, उंच दांड्याची सायकल, कॅरिअरला रबरी पट्ट्यात अडकवलेला डबा, हँडलला पिशवी, पँटचा एक पाय मोज्यात खोचलेला, म्हणजे चेनमध्ये अडकत नाही. कंपनीत कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागलेला, पाड्यावरून किंवा चाळीतल्या खोलीवरून निघालेला. रिक्षा शेअरिंगची असली तरी जाऊन-येऊन रोजचे पैसे मोजावे लागतात, आणि रात्री अकराला पाळी सुटल्यावर ती मिळेलच असं नाही. 2011 च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न विचारला गेला होता. शेतीबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे 13 टक्के लोकांनी सायकल असं उत्तर दिलं. आकडा अडीच कोटींच्या वर जातो. मोटारीने जाणारे त्याच्या निम्म्यालाही भरत नव्हते. तरी रस्ता आखताना डोळ्यांसमोर मोटारच असते, हे काही आजचं नाही.

आता थोडा हिशोब करू, कारण सगळा मुद्दा त्या हिशोबात आहे. बसलेला माणूस मिनिटाला साधारण सात-आठ लिटर हवा आत घेतो. गाडी चालवणारा दहाच्या आसपास. सायकल मारणारा तीस, चढ किंवा समोरचा वारा असेल तर चाळीसही. उमरोळी ते बोईसर सहा किलोमीटर धरा. गाडीला दहा मिनिटं लागतात, सायकलला पंचवीस. म्हणजे गाडीतल्या माणसाच्या छातीत त्या रस्त्याची शंभर लिटर हवा जाते आणि सायकलवाल्याच्या छातीत साडेसातशे. रस्ता तोच, हवा तीच. बेल्जियममधल्या संशोधकांनी 2010 मध्ये हेच माणसांना मुखवटे लावून मोजलं होतं. एकाच मार्गावर एकदा गाडीत बसवलं, एकदा सायकलवर. सायकलस्वाराचा मिनिटाचा श्वास सरासरी 4.3 पट निघाला; वेळ जास्त लागतो तो धरून फुप्फुसात साचणाऱ्या कणांची मात्रा त्याहूनही वर गेली. ज्याच्या वाहनाला धुराची नळीच नाही, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त धूर, असा हा व्यवहार आहे.

यात एक बारकावा आहे, तो आपल्या भागाला विशेष लागू पडतो. शांत बसलेला माणूस नाकाने श्वास घेतो, आणि नाक ही फार चांगली गाळणी आहे. मोठी धूळ तिथेच अडकते. सल्फर डायऑक्साइडसारखा पाण्यात विरघळणारा वायूही नाकातल्या ओलाव्यात जवळजवळ सगळा शोषला जातो, खाली पोचतच नाही. पण दम लागला की तोंड उघडतं. तोंडाने घेतलेल्या श्वासाला ती गाळणी नसते. दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या श्वासनळ्या या वायूने काही मिनिटांत आवळतात, आणि तो व्यायाम करत असेल तर अगदी थोडी मात्राही पुरते. बोईसरच्या भट्ट्या आणि बॉयलर काय जाळतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. उमरोळीहून निघताना नाकाने चाललेला श्वास सरावलीच्या आसपास तोंडावर येतो, आणि वसाहत तिथून पुढेच आहे.

मी स्वतः हा रस्ता बरीच वर्षं सायकलने केला आहे, पाळीसाठी नव्हे, इतर कामांसाठी. वासांची एक उजळणी मला पाठ आहे. आधी शेणाचा, ओल्या गवताचा. मग कुठेतरी वीटभट्टीचा. मग अचानक गोडसर, नेलपॉलिशसारखा काहीतरी, तो सॉल्व्हंटचा. कधी कुजक्या अंड्याचा. कधी नाव न सांगता येणारा, ज्याने जिभेवर धातूची चव येते. बोईसरला राहणाऱ्यांना विचारलं तर ते वास येत नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. नाक सवयीने बोथट होतं. वास पाहुण्यांना येतो. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तर इतका लबाड की तो फार वाढला तर वास घेण्याची शक्तीच मारतो. त्यामुळे वास गेला म्हणजे हवा सुधारली, असं म्हणण्याची इथे सोय नाही.

मग मोजायचं कशाने? बोईसरचं नाव आता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रोजच्या हवा निर्देशांकात झळकतं, ही चांगली गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी तेही नव्हतं. पण तो निर्देशांक आठच गोष्टींवर बांधलेला आहे. पीएम 10, पीएम 2.5, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बेन्झीन देशाच्या हवा मानकांत आहे, निर्देशांकात नाही. ज्या सॉल्व्हंटांच्या वासाने सायकलवाला नाक मुरडतो, त्यांतला एकही या आठांत नाही. मोबाइलवर हिरवा किंवा पिवळा रंग दिसतो आणि घसा मात्र खवखवत असतो, तेव्हा दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. यंत्र मुंबईच्या वाहनांसाठी, दिल्लीच्या धुरक्यासाठी बरोबर आहे. रसायनांच्या वसाहतीच्या दाराशी ते अर्धंच ऐकतं.

शिवाय यंत्र एका जागी उंचावर उभं असतं. सायकलवाल्याचं नाक टँकरच्या धुराच्या नळीपासून हातभर अंतरावर. दिल्लीत 2010 च्या सुमारास रिक्षात यंत्र ठेवून केलेल्या मोजणीत रस्त्यावरचे सूक्ष्म कण शहराच्या सर्वसाधारण हवेपेक्षा दीडपट निघाले होते. डिझेलच्या काजळीचे सर्वांत बारीक कण तर रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरवर गेलं की बरेचसे विरतात. म्हणजे निर्देशांक जो आकडा सांगतो तो गावाचा असतो, रस्त्याच्या कडेचा नसतो.

तारापूरच्या नावावर एक आकडा मात्र देशभर गाजला. औद्योगिक वसाहतींचं प्रदूषण मोजण्यासाठी केंद्रीय मंडळाने एक सर्वंकष निर्देशांक केला आहे. हवा, पाणी आणि जमीन तिन्ही मिळून शंभरपैकी गुण, आणि सत्तरच्या वर गेलं की वसाहत अतिप्रदूषित. शाळेत मिळाले असते तर पेढे वाटले असते असे गुण आहेत हे. 2009 मध्ये तारापूरला 72.01 मिळाले. 2018 च्या फेरीत 93.69, आणि देशात पहिला क्रमांक. यातला मोठा वाटा पाण्याचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं; नवापूरच्या समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे. ती गोष्ट वेशीवर टांगली गेली कारण मांगेला समाजाच्या परिषदेने 2016 मध्ये हरित लवादाचं दार ठोठावलं. मासे मेले, जाळी रिकामी आली, समाज एकत्र आला. 2022 च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी केंद्रावर भरपाई बसवली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे सांगण्याचं कारण एवढंच की समुद्राच्या बाजूने बोलायला मच्छीमार होता. लोकलच्या बाजूने बोलायला प्रवासी संघटना आहेत. सायकलवाल्याची संघटना नाही. त्याला तेवढा वेळच नाही. पाळी आठ तासांची, कधी बाराची.

वाऱ्याकडे परत येऊ, कारण इथल्या हवेचं वेळापत्रक तोच ठरवतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि मतलई वारा पूर्वेकडून समुद्राकडे वाहतो. कोळी पूर्वी याच वाऱ्यावर पहाटे शीड सोडत. त्यामुळे पहिल्या पाळीला, सहा-साडेसहाला निघालेल्या माणसाला वसाहतीचा वास सहसा वाटेत भेटत नाही, तो समुद्राकडे गेलेला असतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वारा जवळजवळ पडलेलाच असतो. वर ऊबदार हवेचं झाकण आणि खाली गारठा. रात्रभराचा धूर, शेकोट्यांचा, भट्ट्यांचा, ट्रकांचा, झाकणाखाली साचून राहतो. भातशेतांवरून धुकं सरकताना दिसतं ते सुंदर असतं, फोटोही छान येतो, पण त्यातलं सगळंच धुकं नसतं. सकाळी दहाच्या पुढे जमीन तापली की झाकण उघडतं. म्हणून डॉक्टर फिरायला उशिरा जा म्हणतात. सातच्या पाळीला उशिरा जाता येत नाही.

तिसरी पाळी रात्री अकराची. तिच्याबद्दल बोईसरमध्ये एक समज पक्का आहे, की धुराड्यांतून जास्त धूर रात्रीच सोडतात, कारण तेव्हा बघायला कोणी नसतं. खरंखोटं ठरवायला रात्रीची नोंद हवी, आणि ती लोकांच्या हातात हवी. एवढं मात्र भौतिकशास्त्राने खरं आहे की तितकाच धूर सोडला तरी रात्री तो जमिनीलगत जास्त राहतो.

मार्च-एप्रिलमध्ये यात राब येतो. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमीन भाजण्याची आपल्याकडची जुनी रीत. तिचा धूर पांढरा, झोंबणारा, आणि पंधरा दिवसांत संपणारा. शहरातून आलेले लोक प्रदूषण म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवतात याची मला गंमत वाटते. वारली शेतकऱ्याचा राब दिसतो, कारण त्याला कुंपण नाही.

पावसाळ्यात हवा धुतली जाते. चार महिने नाकाला सुट्टी. पण तेव्हा सायकलच चालत नाही. साइडपट्टी खचून गटार झालेली, डांबराची कड हातभर उंच, आणि खड्ड्यांत पाणी असल्याने खोली कळत नाही. एका जुलैमध्ये मागून आलेल्या टँकरने हॉर्न दिला, मी कडेला घेतलं, कडेला कडाच नव्हती. गुडघा सोलला, चाकाची रिंग वाकली. सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी रिंग हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले की आषाढात त्यांचा धंदा रिंगांवर चालतो, वैशाखात पंक्चरवर. मग नवरात्र येतं. पाऊस उघडतो, रस्त्यावर साचलेला चिखल वाळतो, आणि अवजड चाकांखाली त्याचं पीठ होतं. गवताचे ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे निघतात, डंपर निघतात. दिवाळीच्या आधीचे हे तीन आठवडे या रस्त्यावरचे सर्वांत धुळकट. कंदील विकत घेऊन येणारी पोरं सायकलवर तोंडाला रुमाल बांधून असतात.

रुमालाबद्दल सांगायलाच हवं. रुमाल, गमछा, ओढणी यांनी जाड धूळ थोडी अडते, मनाला बरं वाटतं, बारीक कण सरळ आत जातात. कोविडपासून सगळ्यांना ठाऊक झालेला एन-95 कणांना अडवतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. वायूंना तो अडवत नाही. सॉल्व्हंटची वाफ आणि सल्फर डायऑक्साइड त्याच्यातून आरपार. आणि दुपारी तीनला, चाळिशीतल्या माणसाने, समोरच्या वाऱ्यावर, घाम पुसत, एन-95 लावून सहा किलोमीटर सायकल मारावी असं सांगणाऱ्याने ते आधी एकदा करून पाहावं.

मग सायकल सोडावी का? हा प्रश्न जगात अनेकांनी विचारला. केंब्रिज विद्यापीठातल्या मार्को टायनिओ आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये त्याचं गणित मांडलं. सायकलमुळे हृदयविकार, मधुमेह टळतात तो फायदा एका पारड्यात, जादा धुराचं नुकसान दुसऱ्यात. पीएम 2.5 घनमीटरला 22 मायक्रोग्रॅम असेल, तेव्हाच्या जगातल्या शहरांची ती सरासरी, तर दिवसभर सायकल मारली तरी फायद्याचंच. शंभर असेल तर दिवसाला दीड तासाच्या पुढे नुकसान फायद्याला मागे टाकतं. आपलं वार्षिक राष्ट्रीय मानक 40 आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं 2021 पासून 5. उमरोळी-बोईसर जाऊन-येऊन पन्नास मिनिटं होतात. म्हणजे हिवाळ्यातले अगदी वाईट दिवस सोडले तर कागदावर सायकल जिंकते, आणि मला ते पटतंही.

पण कागद कोणाचा, हेही पाहावं. त्या गणितात पीएम 2.5 आहे, रसायनांच्या वाफा नाहीत. त्यातला सायकलस्वार सायकल चालवून ऑफिसात खुर्चीवर बसतो, त्याला व्यायामाची गरज असते. आपला माणूस सायकलवरून उतरून आठ तास रिअ‍ॅक्टरपाशी, ड्रायरपाशी, पोती उचलत उभा राहतो. त्याला व्यायाम कमी पडलेला नाही. रस्त्यावरची पन्नास मिनिटं त्याच्या दिवसातली सर्वांत घाण हवा नसेलही. ती आतल्या हवेवर चढलेली आणखी एक मात्रा असते. या वसाहतीत स्फोट आणि वायुगळती नवीन नाहीत. 2020 च्या जानेवारीतल्या एका स्फोटात आठ माणसं गेली. अशा मोठ्या दिवशी वार्ताहर येतात. रोजच्या मात्रेची बातमी होत नाही.

उपाय म्हणून लोक आतल्या वाटेने जा म्हणतात. ते विज्ञानाला धरून आहे. मुख्य रस्ता सोडून समांतर कमी वर्दळीच्या रस्त्याने गेलं की काजळीची मात्रा बरीच घटते, हे अनेक शहरांत मोजून दिसलं आहे. भात कापल्यावर आमच्याकडेही गावागावांतल्या वाटा मोकळ्या होतात, चिंचेची-जांभळाची सावली मिळते. पण त्या वाटेला रात्री दिवा नाही, कुत्री आहेत, पावसाळ्यात ती नाहीच, आणि लांब पडते ती वेगळी. बाई एकटी असेल तर रात्री अकराला ती त्या वाटेला जाणार नाही, तिने जाऊही नये.

मुख्य रस्त्याचं काय? पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याचं भव्य मुख्यालय याच पालघर-बोईसर रस्त्यावर, कोळगावला उघडलं. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची कोनशिला बसली, सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतं आहे. म्हणजे डंपर, टँकर, कंटेनर वाढणार, कमी होणार नाहीत. गंमत अशी की शेजारच्या डहाणू तालुक्याला 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलं आणि भोवती पंचवीस किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा सांगितला. कंपास घेऊन वर्तुळ काढलं तर बोईसर आणि उमरोळी दोन्ही त्यात आरामात बसतात. वसाहत आधीपासूनची होती, ती राहिली. नव्याने जे येईल ते तरी त्या वर्तुळाला विचारून यावं.

रस्ता रुंद करतात तेव्हा पहिली कुऱ्हाड कडेच्या झाडांवर पडते आणि वाढलेली रुंदी ट्रक खातात. सायकलसाठी वेगळी पट्टी मागितली की सायकल आता कोण चालवतं, असं उत्तर मिळतं. पुण्यात हेच म्हणत म्हणत सायकलींचं शहर मोटारसायकलींचं झालं. पट्टी वाहनांपासून चार हात लांब असली, मध्ये झाडांची एक रांग असली, तरी नाकापाशी येणारी काजळी कमी होते आणि मागून हॉर्न येत नाही. सहा किलोमीटरची गोष्ट आहे. बंदराच्या खर्चापुढे तिचा आकडा लिहायलाही संकोच वाटेल.

ते होईल तेव्हा होवो. एक गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे, आणि ती जिल्हा प्रशासनाच्या एका आदेशाने होऊ शकते. सकाळी साडेसहा ते साडेसात, दुपारी अडीच ते साडेतीन आणि रात्री साडेदहा ते साडेअकरा, पाळी बदलताना, या रस्त्यावर टँकर आणि डंपर थांबवावेत. मुंबईत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, ती मोटारवाल्यांच्या सोयीसाठी. इथे ती सायकलवाल्यांसाठी लावा. आणि ती लावण्याआधी संबंधित अधिकाऱ्यांनी कोळगावच्या कार्यालयातून एकदा दुपारी दोनला सायकलने बोईसरला जावं. गाडी मागून येऊ द्यावी, हरकत नाही. सायकल माझी घेऊन जा, रिंग आता सरळ आहे.